‘क्षार’ या शब्दाचे अर्थ आणि आम्ल-आम्लारींची गणिते

रसायनशास्त्रातील गणित चुकले म्हणजे चुकीचे कारण आकडेमोडीत शोधण्याचा प्रघात आहे. आम्ल व आम्लारी यांच्या गणितांच्या बाबतीत हा प्रघात फारसा उपयोगाचा नाही. येथील आकडेमोड बहुधा एका वर्गसमीकरणापलीकडे जात नाही. अडचण त्यापूर्वीची असते. गणितातील कोणता शब्द कोणत्या पदार्थाचे नाव आहे, तो पदार्थ पाण्यात गेल्यावर काय होतो आणि विचारलेली राशी साठ्याची आहे की तीव्रतेची, हे ठरविल्यावाचून लेखणी चालविली, की आकडे बरोबर आणि उत्तर चूक अशी स्थिती होते. म्हणून या प्रकारच्या गणितांचा विचार रसायनशास्त्राइतकाच भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात ‘क्षार’ या एका शब्दाच्या आधारे हा विचार मांडला आहे. त्यासाठी उदाहरणे सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घेतली आहेत; कारण या शब्दाचे निरनिराळे अर्थ कृष्णेच्या याच खोऱ्यात परस्परांशेजारी नांदत आहेत आणि त्यांतील घोटाळ्याची किंमत येथे परीक्षेतील गुणांपुरती मर्यादित नाही.

१. शब्दाचा इतिहास

संस्कृत वैद्यकात ‘क्षार’ ही संज्ञा सुनिश्चित अर्थाने येते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षार तयार करण्याचा विधी सांगितला आहे. मुष्ककादी वनस्पती जाळून त्यांची राख करावी, ती पाण्यात कालवून गाळावी आणि त्या निवळीत भाजलेल्या शंख-चुनखडीसारख्या द्रव्यांची भर घालून ती आटवावी, असा तो विधी होय. आजच्या भाषेत सांगावयाचे तर राखेतील पोटॅशियम कार्बोनेट व चुना यांच्या विक्रियेतून दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होते. या क्षाराचे मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रकार तेथे सांगितले असून क्षाराने झालेला दाह आम्ल द्रव्यांनी शमतो, असेही म्हटले आहे. म्हणजे सुश्रुताचा क्षार हा आजच्या परिभाषेतील अल्क होय, मीठ नव्हे. मिठासाठी ‘लवण’ हा निराळा शब्द होता. अरबी भाषेतही राखेवरून पडलेल्या नावातूनच ‘अल्कली’ हा शब्द निघाला, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठीत ‘क्षार’चा ‘खार’ झाला आणि त्याचबरोबर अर्थाच्या दोन शाखा फुटल्या. पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार या शब्दांत जुना अर्थ टिकून राहिला. ही सर्व द्रव्ये अल्कधर्मी आहेत. उलट खारट, खारे पाणी, खारवणे या शब्दांत तोच ‘खार’ मिठाच्या चवीकडे वळला. ‘लवण’ या शब्दाचे वंशज लोणचे, पादेलोण अशा मोजक्या शब्दांत उरले. बोलीत त्यामुळे काही बिघडले नाही. कारण पापडखार आणि मीठ यांत गृहिणीची गल्लत होत नाही. अडचण निर्माण झाली ती याच शब्दांना शास्त्रीय परिभाषेत स्थान देण्याची वेळ आली तेव्हा.

परिभाषेचे दोन प्रवाह आज प्रचारात आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशाने संस्कृत परंपरेला जवळची मांडणी स्वीकारली : अम्ल, क्षारक आणि त्यांच्या विक्रियेतून होणारे लवण. तेथे ‘क्षार’ म्हणजे अल्कली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकांतून मात्र आम्ल, आम्लारी आणि क्षार ही त्रयी रूढ झाली. तेथे आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणाने क्षार व पाणी मिळते. अर्थात ‘क्षार’ म्हणजे विश्वकोशातील लवण. एकच शब्द एका ग्रंथात विक्रियेच्या डाव्या बाजूस आणि दुसऱ्या ग्रंथात उजव्या बाजूस येतो.

तिसरा प्रवाह शेतीचा. माती परीक्षणाच्या अहवालात ‘विद्राव्य क्षार’ हे पाण्यात विरघळणाऱ्या सर्व लवणांसाठी वापरले जाते आणि ‘क्षारपड’ हे जमिनीचे विशेषण होते. अल्कधर्मी मातीसाठी तेथे ‘विम्ल’ असा स्वतंत्र शब्द आहे. विश्वकोश ज्याला पीएच मूल्य म्हणतो त्याला शेतीच्या लेखनात ‘सामू’ अथवा ‘आम्ल-विम्ल निर्देशांक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात यापुढे आम्ल, आम्लारी, लवण आणि सामू हे शब्द योजले आहेत. ‘क्षार’ हा शब्द केवळ चर्चेचा विषय म्हणून येईल.

२. एका वाक्याची पाच उत्तरे

‘क्षाराच्या ०.०१ मोलर द्रावणाचा सामू काढा’ असे गणित घातले आहे, असे समजावे. क्षार म्हणजे अल्क असे मानून विद्यार्थ्याने सोडियम हायड्रॉक्साइड घेतले, तर सामू १२ येतो. सज्जीखाराच्या आठवणीने सोडियम कार्बोनेट घेतले, तर हवेशी संबंध नसताना तो ११.१ च्या आसपास येतो. सोडियम बायकार्बोनेट घेतले तर ८.३, पाठ्यपुस्तकातील अर्थाने साधे मीठ घेतले तर ७, आणि नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड घेतले तर ५.६. शेवटची तिन्ही द्रव्ये पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे क्षारच आहेत. पाचही उत्तरांतील आकडेमोड निर्दोष आहे. सामूत ५.६ पासून १२ पर्यंत जे अंतर पडले, ते केवळ एका नामाच्या अनेकार्थत्वामुळे.

येथे सांगली परिसरातील एका पदार्थाची साक्ष काढता येते. सांगली ही हळदीची जुनी पेठ असून ‘सांगली हळदी’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य सामू साधारण ८ ते ९ च्या दरम्यान पिवळ्याचे तांबूस होते. मिठाचे पाणी हळदीवर टाकले तर ती पिवळीच राहते. पापडखाराचे पाणी टाकले तर लाल होते. ‘खार’ या शब्दाने जे दोन अर्थ एकत्र ठेवले ते हळद वेगळे करते. मात्र तिची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी : आम्लधर्मी आणि उदासीन हा भेद तिला दाखविता येत नाही. दोन्ही ठिकाणी ती पिवळीच असते.

३. सामू ही संख्या कशी वाचावी

सामूची कल्पना डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. एक लिटर द्रावणात हायड्रोजन आयनांचे जितके मोल असतील त्या संख्येच्या दशमान लॉगरिथमचे चिन्ह बदलले की सामू मिळतो. लिटरला ०.००१ मोल असल्यास सामू ३, ०.००००१ मोल असल्यास ५. येथून दोन गोष्टी निघतात. सामू वाढतो तेव्हा आम्लता घटते, ही पहिली. आणि सामूतील एकाचा फरक म्हणजे संहतीतील दहापट, ही दुसरी.

दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला, की सरासरी काढण्याची चूक होते. सामू ३ आणि सामू ५ असलेली तीव्र आम्लांची दोन द्रावणे समान आकारमानात मिसळली, तर मिश्रणाचा सामू ४ होईल असे सहज वाटते. प्रत्यक्षात बेरीज करावयाची ती आयनांची. ०.००१ आणि ०.००००१ यांची सरासरी ०.०००५०५, तिचा सामू ३.३०. दुसऱ्या द्रावणाने पहिल्याला जवळजवळ केवळ पाण्यासारखे पातळ केले, एवढाच त्याचा अर्थ. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर सामू हे क्रमवाचक विशेषणासारखे आहे. तिसरा आणि पाचवा यांची बेरीज करून आठवा मिळत नाही. त्यासाठी मूळ वस्तूंकडे परतावे लागते.

‘तीव्र’ आणि ‘सौम्य’ या विशेषणांचाही असाच बंदोबस्त करणे आवश्यक आहे. बोलीत सौम्य म्हणजे पाणी घालून मवाळ केलेले. परिभाषेत मात्र तीव्र-सौम्य ही जोडी रेणू किती प्रमाणात विघटित होतात यासंबंधी आहे, आणि संहत-विरल ही जोडी पाण्याच्या प्रमाणासंबंधी. ॲसेटिक आम्ल कितीही संहत केले तरी ते सौम्यच. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केले तरी ते तीव्रच. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो. तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लात शंभर रेणूंपैकी एखाद-दुसराच विघटित होत असल्याने हायड्रोजन आयनांची संहती ०.१ ऐवजी ०.००१३४ येते आणि सामू २.८७ होतो. ही संख्या आम्लाचा विघटन स्थिरांक, ०.००००१८, याला संहतीने गुणून त्याचे वर्गमूळ काढल्याने मिळते. वर्गमूळाची ही सोपी रीत चालते याचे कारण विघटित भाग दीड टक्क्याहून कमी आहे. तो पाच टक्क्यांच्या वर गेला, तर पूर्ण वर्गसमीकरण सोडविणे इष्ट.

विरलतेच्या टोकाला गेल्यास आणखी एक सापळा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल इतके पातळ केले, की लिटरमध्ये त्याचा ०.०१ मायक्रोमोल उरला. यांत्रिकपणे सूत्र लावले तर सामू ८ येतो, म्हणजे आम्ल घालून पाणी अल्कधर्मी झाले! ज्याचे विस्मरण झाले ते पाणीच आहे. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला स्वतःचे ०.१ मायक्रोमोल हायड्रोजन आयन असतात, म्हणजे घातलेल्या आम्लाच्या दसपट. पाण्याचा समतोल धरून गणित केले तर एकूण संहती ०.१०५ मायक्रोमोल व सामू ६.९८ मिळतो. उत्तर अर्थाशी विसंगत आल्यास सूत्राकडे नव्हे, तर वाक्याकडे पुन्हा पाहावे, हा यातील धडा होय.

४. ‘उदासीन’ आणि ‘उदासिनीकरण’

उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीन झाले, असा ग्रह शब्दाच्या रूपावरूनच होतो. तो सर्वत्र खरा नाही. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात तितकेच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड समान आकारमानात घातले, की आम्ल संपले आणि ०.०५ मोलर सोडियम ॲसेटेट उरले. ॲसेटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन परत घेतो व हायड्रॉक्साइड आयन मोकळे करतो. त्यांची संहती सुमारे ५.३ मायक्रोमोल येते आणि सामू ८.७ ठरतो. हळदीचा रंग नेमका याच पट्ट्यात बदलतो. म्हणून अशा अनुमापनात ती कामचलाऊ दर्शक ठरू शकते. उलट अमोनियाचे हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन केल्यास अंत्यबिंदू सामू ५.३ च्या आसपास येतो. तेथे हळद फार आधीच पिवळी होऊन बसलेली असते.

याच अनुमापनाच्या मध्यावर, निम्मे आम्ल संपले असताना, सामू ४.७४ असतो, म्हणजे आम्लाच्या विघटन स्थिरांकाचे चिन्ह बदललेले लॉगरिथम. या टप्प्यावर द्रावणात आम्ल व त्याचा आयन समप्रमाणात असल्याने थोडे आम्ल वा आम्लारी घातले तरी सामू फारसा हलत नाही. अशा द्रावणाला बफर म्हणतात. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये आणि हॅसेलबाल्क यांनी १९१६ मध्ये मांडलेले सूत्र या अवस्थेचेच आहे.

बफरचा अर्थ साखर कारखान्यात आणि गुऱ्हाळात प्रत्यक्ष दिसतो. सातारा व सांगली ही उसाची जिल्हे-जोडी आहे. ताज्या रसाचा सामू साधारण ५.३ धरला आणि तो ७ वर आणावयाचा असला, तर एक हजार लिटर रसास किती चुना लागेल? केवळ सामूवरून हिशेब करणारा असे म्हणेल : सामू ५.३ ला लिटरमध्ये ५ मायक्रोमोल हायड्रोजन आयन. हजार लिटरला ५ मिलिमोल. कळीच्या चुन्याचा एक मोल दोन मोल आयन शमवितो. म्हणून अडीच मिलिमोल, म्हणजे ०.१४ ग्रॅम चुना पुरे. प्रत्यक्षात चुना ग्रॅमच्या अंशात नव्हे, तर टनामागे शेकडो ग्रॅमांपासून किलोग्रॅमच्या मापात लागतो. हिशेबातील आकडे चुकलेले नाहीत. रसातील सेंद्रिय आम्ले व फॉस्फेट सौम्य असल्याने त्यांचे बहुतेक हायड्रोजन अजून रेणूंत बांधलेले असतात. चुना पडू लागला की ते एकामागून एक मोकळे होतात. सामू हा क्षणाची तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही. खिशातील सुट्या पैशांवरून घरातील धान्याचा अंदाज करण्यासारखेच हे आहे.

चुना कमी पडला तर आम्लधर्मी रसात साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. जास्त झाला तर हीच अपचायी शर्करा मोडून रंग काळवंडतो. गुळव्या चुन्याची निवळी बेताने घालतो, त्यामागे हेच दुहेरी बंधन आहे.

५. कृष्णाकाठची जमीन

वाई ज्या नदीच्या काठी आहे तीच कृष्णा कऱ्हाडला कोयनेस मिळून वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतून पुढे जाते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला व १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा. येथील खोल काळ्या जमिनींत बारमाही सिंचनाचा ऊस आला; पाण्याचा निचरा मात्र मंद राहिला. भूजल वर चढले, बाष्पीभवनाने लवणे पृष्ठभागाशी साचली आणि ‘क्षारपड’ हा शब्द गावोगाव परिचयाचा झाला. या एका शब्दाखाली रसायनदृष्ट्या दोन निराळ्या व्याधी येतात, आणि तिसरी त्यांच्या संयोगाची.

पहिल्या व्याधीत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची क्लोराइड व सल्फेट लवणे साचतात. ही लवणे जवळजवळ उदासीन असल्याने सामू ८.५ च्या खाली राहतो. मात्र मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटर याहून अधिक होते. दुसरीत वाहकता ४ च्या आत असते, पण मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक होतो आणि सामू ८.५ च्या वर चढतो. मराठीत हिला ‘चोपण’ असा नेमका शब्द आहे. तिसरी क्षारयुक्त-चोपण : वाहकता ४ च्या वर आणि सोडियमही १५ टक्क्यांच्या वर. या सीमा अमेरिकेच्या लवणता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतून सर्वत्र रूढ झाल्या.

८.५ हीच सीमा का, याचे उत्तर आम्ल-आम्लारींच्या गणितातूनच मिळते. या काळ्या जमिनींत मुक्त चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असते. चुनखडी पाण्यात किंचित विरघळते. हवेतील कार्बन डायऑक्साइडही विरघळून कार्बोनिक आम्ल होतो. हवेत या वायूचे दशलक्षात सुमारे ४२० भाग धरून, चुनखडीचा विद्राव्यता गुणाकार व कार्बोनिक आम्लाचे दोन्ही स्थिरांक घेतले आणि धन व ऋण विद्युतभार समान असलेच पाहिजेत ही अट लावली, तर सामू ८.२ येतो. मातीतील हवेत हा वायू अधिक असतो. तो एक टक्का धरला तर उत्तर ७.३ पर्यंत उतरते. म्हणजे केवळ चुनखडीने जमिनीचा सामू ८.२ च्या फारसा वर जाऊ शकत नाही. सामू ८.५ च्या पुढे गेला तर तेथे चुनखडीहून अधिक विद्राव्य असे कार्बोनेट आहे, म्हणजेच सोडियमचे वर्चस्व आहे, असे अनुमान निघते.

सोडियम कार्बोनेटच्या गणितात एक छोटा शब्द निर्णायक ठरतो. ०.०१ मोलर द्रावण बंद बाटलीत आहे असे मानले, तर कार्बोनेट आयन पाण्याशी विक्रिया करून ०.००१३६ मोलर हायड्रॉक्साइड देतो व सामू ११.१ येतो. येथे विघटित भाग तेरा-चौदा टक्के असल्याने वर्गमूळाची सोपी रीत चालत नाही. तेच द्रावण उघड्या भांड्यात हवेशी समतोल साधेपर्यंत ठेवले, तर हवेतील वायू विरघळून बहुतेक कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते आणि सामू ९.४ वर स्थिरावतो. पदार्थ तोच, संहती तीच. ‘बंद’ आणि ‘उघडे’ या दोन विशेषणांनी हायड्रॉक्साइडच्या संहतीत पन्नासपटीहून अधिक फरक पाडला. चोपण जमिनीचा सामू ११ वर न जाता ९ ते १० च्या दरम्यान आढळतो, याचा उलगडा यात आहे : शेत हे उघडे भांडे आहे.

आता उपायांकडे वळावे. उदासीन लवणांची जमीन असेल तर मार्ग निचऱ्याचा : चर किंवा भूमिगत निचरा करून चांगल्या पाण्याने लवणे धुऊन काढणे. येथे जिप्सम घालून काही साधत नाही. कारण बदलावयाचा सोडियम फारसा नसतो. चोपण जमिनीत मात्र आधी मातीच्या कणांवरील सोडियम हलवून त्याच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो. जिप्सम हे काम करते, सोडियम कार्बोनेटचे चुनखडीत व सोडियम सल्फेटात रूपांतर करते, आणि हे सल्फेट निचऱ्यावाटे जाते. क्षारयुक्त-चोपण जमिनीत क्रमाला विशेष महत्त्व आहे. जिप्समशिवाय ती नुसती धुतली तर लवणे निघून जातात, सोडियम राहतो, मातीचे कण विस्कळीत होऊन छिद्रे बुजतात आणि जमीन पूर्वीपेक्षा अवघड अशा चोपण अवस्थेस पोहोचते.

मात्रेचा हिशेब पाहावा. मातीच्या एका किलोग्रॅममध्ये एक सेंटिमोल भाराइतका सोडियम बदलण्यास ०.८६ ग्रॅम जिप्सम लागते. एक हेक्टर, पंधरा सेंटिमीटर खोली आणि घनता १.५ धरल्यास मातीचे वजन २,२५० टन होते. म्हणून प्रत्येक सेंटिमोलमागे सुमारे १.९ टन जिप्सम. मातीची आयन-विनिमय क्षमता ५० सेंटिमोल असून सोडियमचा वाटा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणावयाचा असे मानले, तर ७.५ सेंटिमोल बदलावे लागतील आणि हेक्टरी साडेचौदा टन शुद्ध जिप्सम लागेल. पहिल्या प्रकारच्या जमिनीस हाच आकडा शून्य असतो. दोन्ही शेतांना शेजारी ‘क्षारपड’च म्हणतात. शून्य आणि साडेचौदा टन यांतील खर्च, आणि चुकीच्या क्रमाने धुतल्यास जमिनीचेच नुकसान, एवढे या शब्दाच्या अर्थनिश्चितीवर अवलंबून आहे. अहवालातील सामू, वाहकता आणि सोडियमची टक्केवारी हे तीन आकडे एकत्र वाचल्यावाचून उपाय ठरविता येत नाही. एकट्या सामूवर विसंबणे हे एका पदावरून वाक्याचा अर्थ लावण्यासारखे होय.

६. गणित सोडविण्याची पायरी

वरील सर्व उदाहरणांतून एक क्रम सिद्ध होतो. प्रथम, नाव दिलेल्या पदार्थाचा निश्चित अर्थ ठरवावा. ‘क्षार’, ‘खार’, ‘सौम्य’ असे शब्द आले तर त्यांच्या जागी द्रव्याचे नाव लिहावे. दुसरे, तो पदार्थ पाण्यात गेल्यावर कोणते आयन व रेणू उरतात त्यांची यादी करावी आणि त्यांत पाणी विसरू नये. तिसरे, जी विक्रिया पूर्णत्वास जाते तिचा हिशेब आधी मोलमध्ये संपवावा. समतोलाचा विचार नंतर. चौथे, प्रणाली बंद की उघडी, याचा निर्णय करावा. पाचवे, द्रव्याचे जतन आणि विद्युतभाराचे संतुलन ही दोन समीकरणे मांडून त्यांतील नगण्य पदे वगळावी, आणि शेवटी ती खरोखर नगण्य होती काय हे उत्तर घालून तपासावे. सहावे, उत्तराला अर्थाच्या कसोटीवर घासावे : आम्ल घालून सामू वाढला काय? लिंबाच्या रसाहून समुद्राचे पाणी आंबट निघाले काय?

या सहा पायऱ्यांपैकी पहिली, चौथी आणि सहावी पायरी भाषेची आहे. गणिताच्या पुस्तकांत मात्र बहुधा तिसरी आणि पाचवीच शिकविली जाते.

परिभाषेच्या बाबतीत एक प्रश्न उरतो. ‘क्षार’ हा शब्द एका अर्थापुरता बांधून टाकावा काय? शाळेतून पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला शब्द हुकमाने बदलत नाही, आणि सुश्रुतापासून आलेला अर्थही पापडखाराच्या डब्यावरून पुसता येत नाही. शब्दाचे अनेकार्थत्व हा भाषेचा दोष मानण्याचेही कारण नाही. संदर्भाने अर्थ निवडण्याची शक्ती भाषेतच आहे. चुकते ते संदर्भ न देण्यात. प्रश्नपत्रिकेत द्रव्याचे नाव द्यावे, अहवालात ‘क्षारपड’ या शिक्क्याबरोबर तिन्ही आकडे व जमिनीचा प्रकार लिहावा, आणि विद्यार्थ्याला बालभारतीतील क्षार हाच विश्वकोशातील लवण होय हे पहिल्याच तासाला सांगावे. चोपण हा शब्द तर कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेच. ज्या भेदासाठी प्रयोगशाळेला तीन आकडे लागतात त्यासाठी लोकभाषेने एक नेमके नाव घडविले आहे. परिभाषा तयार करणाऱ्यांनी ते उचलून घेण्यास विलंब लावू नये.